तारीख असलेली आशा: तारापूरचा किल्ला, वसईच्या घंटा आणि आगमनकाळ

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्यातला सूर बराचसा तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय आहे वाट पाहणं. आपल्या पट्ट्यात हे कुणाला चुकलंय? कुणी डहाणू लोकलची वाट पाहतंय, कुणी कंत्राटावरून पर्मनंट व्हायची, कुणी भरतीच्या निकालाची. पण वाट पाहण्याचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात माणूस आतून झिजतो. दुसऱ्या प्रकारात तोच माणूस, तितकाच त्रास सोसून, उभा राहतो. हा फरक नेमका कशाने पडतो?

मी याचं उत्तर पालघर जिल्ह्याच्या इतिहासात शोधायला गेलो आणि पोहोचलो ख्रिस्ती लोकांच्या आगमनकाळापाशी. आता म्हणाल, नाताळ माहीत आहे, हे आगमनकाळ काय? तिथूनच सुरू करू.

चार रविवार

इंग्रजीत ॲडव्हेंट. मूळ लॅटिन शब्द ‘आद्वेंतुस’, म्हणजे येणं, आगमन. नाताळच्या आधीचे चार रविवार मोजायचे आणि त्यातल्या पहिल्या रविवारपासून नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंतचा काळ म्हणजे आगमनकाळ. हा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांमध्ये कधीतरी येतो. कॅथलिक चर्चचं नवं वर्षही याच दिवशी सुरू होतं. म्हणजे त्यांचं वर्ष सणाने सुरू होत नाही, वाट पाहण्याने सुरू होतं. हे मला फार आवडलं.

या दिवसांत वेदीवर आणि धर्मगुरूंच्या अंगावर जांभळा रंग असतो. मिस्सामधलं ‘ग्लोरिया’ हे आनंदाचं स्तोत्र रविवारी बाजूला ठेवतात, ते थेट नाताळच्या रात्री परत येतं. हिरव्या पानांच्या चक्रावर चार मेणबत्त्या असतात, दर रविवारी एक जास्त पेटते. तिसऱ्या रविवारची गुलाबी असते, कारण अर्धी वाट सरली, जरा आनंद करा!

आपल्याकडे याच्या जवळचं काही शोधायचं तर संकष्टी घ्या. दिवसभर उपास, आणि चंद्रोदयाची वेळ कालनिर्णयात छापलेली. ढगांमुळे चंद्र दिसला नाही तरी वेळ ठरलेली असते. घरातली सगळी त्या वेळेकडे बघून कामं उरकतात. भूक असतेच, पण तिला एक टोक असतं.

‘टोक’ हा शब्द लक्षात ठेवा. आता जाऊ तारापूरला.

३० नोव्हेंबर १७३८

तारापूर म्हटलं की आज आपल्याला अणुऊर्जा केंद्र आठवतं, १९६९ साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं. पण चिंचणीच्या खाडीपलीकडे तारापूरचा जुना किल्ला आहे. एके काळी तो पोर्तुगिजांकडे होता. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाहाने तहात वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. पुढे वसई त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाली. वसईपासून दमणपर्यंतच्या किनाऱ्यावर केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी ठाणी उभी राहिली. चर्च आली, मठ आले, आणि इथले शेतकरी, कोळी, भंडारी अशा अनेक घरांनी ख्रिस्ती धर्म घेतला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या राजवटीत हिंदूंना जाच झाला. देवळं पाडली गेली, उघडपणे धार्मिक विधी करायला बंदी आली, आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन नावाचं धर्मन्यायालय बसलं. वसईजवळच्या निर्मळचं देऊळही पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालं. म्हणजे या किनाऱ्यावर वाट पाहणारे आधी हिंदू होते. आपल्या देवाचं देऊळ पुन्हा उभं राहील म्हणून त्यांच्या पिढ्या थांबल्या.

१७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि युद्ध पेटलं. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात चिमाजी अप्पांची मोहीम उत्तर कोकणात पूर्ण जोरात आली. कॅलेंडर मागे मोजत गेलं तर १७३८ च्या आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला येतो. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, जानेवारी १७३९ मध्ये, माहीम पडलं, डहाणू गेलं आणि तारापूरवर हल्ला झाला. तारापूरची लढाई अटीतटीची होती. पेशवे बंधूंचा जिवलग सरदार बाजी भिवराव रेठरेकर इथेच पडला. किल्ला मराठ्यांनी जिंकला, पण किंमत मोठी मोजली.

आता त्या तटाच्या आतल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांमधल्या ख्रिस्ती कुटुंबांचा विचार करा. ही लिस्बनहून आलेली माणसं नव्हती. इथल्याच मातीतली, इथलीच भाषा बोलणारी. त्यांच्यासाठी त्या वर्षीचा आगमनकाळ फौजेच्या वाटेकडे डोळे लावून गेला.

एकाच किनाऱ्यावर एकाची पहाट होती आणि दुसऱ्याची रात्र. इतिहास शिकताना आपण बहुतेक वेळा फक्त एकच बाजू पाठ करतो.

घंटा नसलेला नाताळ

मे १७३९ मध्ये वसई पडली. तहाने पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिलं. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळू देण्याची तरतूदही तहाच्या कलमांत होती. पण युरोपीय धर्मगुरू गेले. मठ रिकामे झाले. दोनशे वर्षं ज्यांच्या आधाराने सगळं चाललं होतं, ती राजसत्ता नाहीशी झाली.

आणि घंटा गेल्या. वसईच्या विजयाची खूण म्हणून तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. भीमाशंकरला गेलात तर देवळासमोरची मोठी घंटा बघा, ती वसईची असं सांगतात. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर आहे, तीही. नाशिकची नारोशंकराची घंटा तर प्रसिद्धच. जिंकणाऱ्याला ती विजयाची निशाणी. पण गावात घड्याळ नसताना चर्चची घंटा हेच कॅलेंडर होतं. प्रार्थना कधी, सण कधी, कुणी गेलं तर ते कधी, सगळं तीच सांगायची.

वसई पडल्यानंतरचा पहिला आगमनकाळ २९ नोव्हेंबर १७३९ ला सुरू झाला. ही तारीख लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे.

युरोपीय पाद्री गेल्यावर या गावांची जबाबदारी मुख्यतः गोव्याकडच्या देशी धर्मगुरूंवर आली. माणसं थोडी, पैसा थोडा, पाठीशी सरकार नाही. तरीही रविवार येत राहिले. १७६० साली आंक्तील द्यु पेराँ नावाचा फ्रेंच विद्वान सुरतेहून कान्हेरीची लेणी बघायला साष्टीत आला. मराठ्यांच्या अमलात तिथले ख्रिस्ती लोक आपले सण मोकळेपणाने करतात, असं त्याने लिहून ठेवलंय. वीस वर्षं उलटून गेली होती आणि सण चालू होते.

आणि दुसऱ्या बाजूचीही वाट संपली होती. निर्मळचं देऊळ मराठ्यांच्या काळात पुन्हा उभं राहिलं. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरते, अजूनही. ती बऱ्याचदा आगमनकाळाच्या आसपास येते. एकाच परिसरात जत्रेचे दुकानदार पाल ठोकतायत आणि शेजारच्या चर्चमध्ये चक्रावरची मेणबत्ती पेटतेय. दोन्ही वाटा पाहून झालेली माणसं आता शेजारी आहेत.

वाट पाहण्याचं पुराण, मराठीत

तारीख टिकली, ठीक. पण त्या तारखेपर्यंतचे दिवस भरायचे कशाने? माणसाला गोष्ट लागते. ती गोष्ट कोकण किनाऱ्याला आधीच मिळाली होती, आणि तीही मराठीत.

इंग्लंडमध्ये जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. इथली भाषा शिकला, इतकी की १६१६ मध्ये त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ राचोल इथे छापून झालं. जवळपास अकरा हजार ओव्या! ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत ख्रिस्ताची कथा. कारण साधं होतं. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती आणि त्यांना ऐकायला, गायला काहीतरी हवं होतं. पुस्तकातही असाच प्रसंग येतो: धर्मांतरित श्रोता म्हणतो, आमची पुराणं तुम्ही थांबवलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काहीतरी द्या. म्हणजे या ग्रंथाच्या मुळाशी कौतुक आहे, तसंच एक हिरावून घेणंही आहे.

आपल्या विषयाला लागू पडणारी गोष्ट अशी, की ‘ख्रिस्तपुराण’ हे त्याचं नंतर रूढ झालेलं नाव. मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ होतो ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्यावरचं प्रवचन’. येण्यावरचं! म्हणजे आगमन हाच या ग्रंथाचा विषय. त्याचे दोन भाग आहेत. दुसऱ्यात येशूचं चरित्र आहे. पहिल्यात जगाच्या निर्मितीपासून संदेष्ट्यांपर्यंतची जुन्या कराराची कथा आहे. येशूचा जन्म व्हायचाच आहे आणि श्रोता हजारो ओव्या ऐकत बसलाय. सगळा पहिला भाग म्हणजे वाट पाहणं.

गोव्यात आणि खाली मंगळूरकडे रविवारी, सणावारी लोक हे पुराण गात. नंतर छापील प्रती नाहीशा झाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं की लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. पण लोकांनी हाताने नकला केल्या होत्या, आणि त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला पुस्तक पुन्हा छापलं गेलं. १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलूंनी त्याची देवनागरी आवृत्ती काढली. छापखाना बंद, भाषेवर बंदी, तरी पुस्तक जिवंत. कारण गायची वेळ ठरलेली होती. रविवार आला की कुणीतरी पोथी उघडणारच.

चर्चच्या प्रार्थनेची भाषा मात्र पुढे कित्येक वर्षं लॅटिनच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेच्या सुधारणेचा दस्तऐवज मंजूर केला आणि मातृभाषेतल्या मिस्साची वाट मोकळी झाली. तारीख बघा, तोही आगमनकाळच. त्यानंतर वसईची माणसं वेदीसमोर आपल्या मराठीत प्रार्थना म्हणू लागली.

वसईचा पोरगा, नागासाकीची वाट

आता आपण थेट जपानला जाणार आहोत. पण तिकीट वसईहूनच काढायचंय.

गोन्सालो गार्सिया हा वसईत जन्मलेला मुलगा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. व्यापाराच्या निमित्ताने जपानला गेला, भाषा शिकला, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून मारण्यात आलं, त्यात तो होता. ८ जून १८६२ ला पोपने त्या सगळ्यांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. पालघर जिल्ह्याचा सुपुत्रच म्हणा की!

१६१४ मध्ये जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पाद्री मारले किंवा हाकलले गेले. मागे राहिलेल्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी श्रद्धा लपवली. ना चर्च, ना घंटा, ना धर्मगुरू. वसईला १७३९ नंतर निदान गोव्याहून पाद्री येत होते, तहाचं संरक्षण होतं. इथे काहीच नव्हतं. होतं ते एक कॅलेंडर. बास्तियान नावाच्या जपानी उपदेशकाच्या नावाने ते ओळखलं जातं आणि ते १६३४ च्या वर्षावर बेतलेलं आहे. नाताळ कधी, ईस्टरच्या आधीचा उपासकाळ कधी, हे त्यावरून मोजायचं. त्या मोजणीचं काम गावातल्या एका जबाबदार माणसाकडे असायचं. बास्तियानच्या नावाने एक भाकीतही सांगितलं जाई: सात पिढ्यांनंतर मोठ्या जहाजातून पाद्री परत येतील.

सात पिढ्या! आपल्याला सात मिनिटं सिग्नल लाल राहिला तर जीव कासावीस होतो.

१८६५ मध्ये नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा इथे चर्च बांधलं गेलं. ते अर्पण केलं होतं त्याच २६ हुतात्म्यांना, ज्यांत आपला गोन्सालो आहे. १७ मार्च १८६५ ला उराकामी गावचे काही लोक तिथे आले. एका बाईने फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं, मारियामातेची मूर्ती कुठे आहे? बोलण्यातून कळलं की ते नाताळ पाळतात, आणि आत्ता ईस्टरच्या आधीचा दुःखाचा काळ चालू आहे हेही त्यांना ठाऊक आहे. दोनशेहून जास्त वर्षं पाद्रीशिवाय, आणि तारीख बरोबर!

गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. बंदी अजून उठली नव्हती. उराकामीच्या तीन हजारांहून जास्त लोकांना हद्दपार केलं गेलं. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले, तेव्हा ते परतले, आणि त्यांनी मोठं चर्च बांधलं. ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब त्याच उराकामीवर पडला. त्या वर्षीच्या आगमनकाळात डॉ. ताकाशी नागाई आणि त्यांचे सोबती चर्चच्या ढिगाऱ्यात उतरले. नागाईंची बायको बॉम्बमध्ये गेली होती, त्यांना स्वतःला रक्ताचा कर्करोग होता. ढिगाऱ्यात एक घंटा शाबूत सापडली. २४ डिसेंबरच्या रात्री त्यांनी ती वाजवली. शहर राखेत होतं, पण नाताळची तारीख चुकली नाही.

चाक आणि कोठडी

जर्मनीतल्या दोन छोट्या गोष्टी सांगतो. त्या चार मेणबत्त्यांच्या चक्राचा उगम तिथलाच आहे.

१८३९ साल, हॅम्बर्ग. योहान विखर्न नावाचे पाळक गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम चालवायचे. डिसेंबर लागला की मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? विखर्न यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं, त्यावर वीस लहान लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक लहान, रविवारी एक मोठी. मुलं स्वतःच मोजू लागली. आज बोईसर-वसईच्या चर्चमध्ये दिसणारं चक्र म्हणजे त्या चाकाचंच छोटं रूप. ते सजावट म्हणून जन्मलं नाही, ‘कधी?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्मलं.

दुसरी गोष्ट बर्लिनच्या टेगेल तुरुंगातली. हिटलरला विरोध करणारे पाळक डीट्रिख बोनहॉफर यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये तिथून पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की तुरुंगाची कोठडी आगमनकाळासारखी आहे: आत माणूस वाट बघतो, आशा धरतो, इकडचं तिकडचं करतो, पण दार बाहेरूनच उघडावं लागतं. ते दार त्यांच्यासाठी सुटकेचं उघडलं नाही. ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी दिली.

ही गोष्ट मुद्दाम सांगतोय. सगळ्यांची वाट फळाला येते असं सांगून तुम्हाला खूश करणं सोपं आहे, पण ते खरं नाही. तारीख धरून ठेवली की संकट टळतंच असं नाही. मग मिळतं काय? हे बघायला आपल्याच जिल्ह्यात परत येऊ.

तारीख नसलेली भीती

नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू-तलासरी भागात जमीन हलायला लागली. धुंदलवाडी आणि आसपासच्या पाड्यांवर धक्क्यांवर धक्के. काही कळतही नव्हते, काहींनी भिंतींना तडे गेले. लोक डिसेंबरच्या थंडीत घराबाहेर झोपले, तंबू लागले, शाळा उघड्यावर भरल्या. त्या वर्षीचा आगमनकाळ २ डिसेंबरला सुरू झाला. या भागात आदिवासी ख्रिस्ती कुटुंबंही आहेत, आणि भूकंपाने कुणाचा धर्म विचारला नाही.

भूकंपाच्या माळेतली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती? पुढचा धक्का कधी येणार आणि हे कधी थांबणार, हे कोणीच सांगू शकत नाही. शास्त्रज्ञही नाही. ही तारीख नसलेली वाट आहे. माणूस याच वाटेने झिजतो. अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांना विचारा. अणुऊर्जा प्रकल्पाच्या विस्तारासाठी गावं उठली आणि मागण्यांची वाट वर्षानुवर्षं लांबत गेली. त्रास फक्त नुकसानीचा नसतो. ‘बघू, होईल, पुढच्या वेळी या’ याचाही असतो.

मग २०२० आलं. मार्चमध्ये टाळेबंदी. ईस्टरला चर्च बंद, गणपती साधेपणाने, नवरात्र घरात. बोईसरच्या कारखान्यांतले परप्रांतीय कामगार गावाकडे निघाले. कुलूप उघडणार कधी, याला तारीख नव्हती. शेवटी राज्य सरकारने दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० ला, प्रार्थनास्थळं उघडली. आणि आगमनकाळाचा पहिला रविवार आला २९ नोव्हेंबरला.

आठवलं? २९ नोव्हेंबर १७३९. वसई पडल्यानंतरचा पहिला आगमनकाळ. दोन्ही वर्षी नाताळ शुक्रवारी होता, म्हणून तारखा तंतोतंत जुळल्या. हा योगायोग आहे, चमत्कार नाही. पण जरा थांबून बघा. एका वर्षी राज्य गेलं होतं, घंटा गेल्या होत्या. दुसऱ्या वर्षी मास्क, सॅनिटायझर, आणि नाताळच्या मिस्साला पन्नासच माणसांची परवानगी. २२ डिसेंबरपासून महापालिका क्षेत्रांत रात्रीची संचारबंदी लागली आणि मध्यरात्रीची मिस्सा अनेक ठिकाणी संध्याकाळीच झाली. किती घरांत एक खुर्ची रिकामी होती. पण रविवारी पहिली मेणबत्ती पेटली, पुढच्या रविवारी दुसरी. दोन्ही वर्षी.

मग आशा म्हणजे काय?

माझ्या हाताला लागलं ते इतकंच. आपण आशेला भावना समजतो. बरं वाटलं की आशा आहे, वाईट वाटलं की संपली. या किनाऱ्याच्या इतिहासात मला वेगळं दिसलं. इथे आशा म्हणजे आधी एक ठरलेला दिवस, आणि त्या दिवसासाठी करायचं एक छोटं काम. पोथी उघडायची. मेणबत्ती लावायची. गोठ्यासाठी पेंढा आणायचा, करंज्यांचं पीठ मळायचं. मन ठिकाणावर असो नसो, रविवार आला की काम करायचं. भावना मागून येते, आणि कधी कधी येतही नाही. तरी काम झालेलं असतं.

आणि हे काम एकट्याचं नसतं. नागासाकीत एक माणूस तारखा मोजायचा म्हणून अख्खं गाव टिकलं. पोथीची नक्कल एकाने केली, गायली सगळ्यांनी. बोनहॉफरच्या कोठडीचं दार उघडलं नाही, पण त्यांची पत्रं बाहेर गेली आणि आपण आज त्यांच्यावर बोलतोय.

ख्रिस्ती माणसासाठी यात देवाच्या येण्यावरची श्रद्धा आहे. ती आहे म्हणूनच तारखेला वजन आहे, हे मी विसरत नाही. पण तुमचा धर्म कुठलाही असो, किंवा नसो, यातलं काहीतरी तुम्ही घेऊ शकता. तुमची वाट जर तारीख नसलेली असेल, नोकरीची असो, आजारपणाची असो, कुठल्या ऑफिसातल्या फाइलची असो, तर तिच्या मधोमध तुमची एक तारीख ठोका. दर रविवारी मित्राबरोबर अभ्यास, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी फाइलचा पाठपुरावा, सोबत दोघंतिघं. शेवट तुमच्या हातात नाही. पुढचा रविवार आहे.

जाता जाता एक काम देतो. पालघर, बोईसर, डहाणू, तलासरी हा भाग आज वसई धर्मप्रांतात येतो. तुमच्या ओळखीत कुणी ख्रिस्ती आजी-आजोबा असतील तर या डिसेंबरात त्यांच्याकडे जा. विचारा, तुमच्या लहानपणी आगमनकाळात घरी काय करायचे, लॅटिनमधली मिस्सा कशी वाटायची, पहिल्यांदा मराठीत ऐकली तेव्हा काय वाटलं? त्यांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. आणि निर्मळच्या जत्रेत पाल टाकणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांनाही विचारा. दोन्ही रेकॉर्डिंग जपून ठेवा. पूर्वी हस्तलिखितांनी जे काम केलं, ते आज तुमच्या खिशातला फोन करू शकतो.

एपिसोड आवडला तर तुमच्या ग्रुपवर टाका. पुढच्या वेळी भेटू. तोवर काळजी घ्या, आणि आगमनकाळाच्या शुभेच्छा!